उरलेल्या गोळ्यांचा डबा

वन्सं,

आईंना महिनाभर नेलंत ते ठीक, पण घरच्या घरी डॉक्टर व्हायला कुणी सांगितलं होतं? त्यांच्या लघवीतले जंतू दहातल्या सात औषधांना जुमानत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी वय, साखर, आधीच्या गोळ्या, सगळं विचारलं. आई खुशाल म्हणाल्या, "लेकीनं उरलेल्या दिल्या. बरं वाटलं की बंद."

मी तुमच्या नावानं बोटं मोडली. मग आठवलं, तो डबा मीच भरून दिला होता. आधीच्या दोन पत्रांत हे लिहिलं नव्हतं, म्हणून ती फाडली.

आई दवाखान्यातही मजेत आहेत, नर्सबाईंचं लग्न जमवतायत. पण गुरुवारी औषध ठरणार, आणि तुम्ही नुकतंच दिलेलं औषध डॉक्टरीणबाईंना पुन्हा द्यायचं नाही. रिकामी पाकिटं शोधा, बुधवारपर्यंत नावं कळवा.

तुमची भावजय