सईची शिफारस

उरायासु, ६ सप्टेंबर

ती. पद्मिनीताईंना,
वृंदाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि भावोजींनी कोबेच्या दुकानातून पाठवलेलं फरसाण, दोन्ही पोचलं. फरसाण दोन दिवसांत संपलं, पत्र अजून वाचते आहे. कानाच्या यंत्राने पुन्हा त्रास द्यायला सुरुवात केली हे वाचून वाईट वाटलं. पण त्या यंत्रामुळेच आपण फोनऐवजी पत्रं लिहितो, म्हणून मी त्याला फार नावं ठेवत नाही.

आता मुख्य बातमी. मार्चमध्ये बारावी झाल्यावर सईने तुमच्या भावाकडून, हरीशकडून, एक वर्ष मागून घेतलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. एक वर्ष फुटबॉल, नाही जमलं तर पुण्याला इंजिनीअरिंग. तुम्ही विचारलं होतंत की हा कुठला फुटबॉल. हा ऑस्ट्रेलियाचा. लंबगोल चेंडू, लंबगोलच मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू पायाने मारायचा, मुठीने ठोसून द्यायचा आणि दुसरीच्या डोक्यावरून उडी मारून झेलायचा. हे झेलणं सई फार छान करते म्हणतात. मी त्या वेळी डोळे मिटून घेते.

तिथल्या मोठ्या लीगमध्ये शिरायचं तर डिसेंबरात ड्राफ्ट असतो. मुली नावं देतात आणि अठरा क्लब पाळीपाळीने एकेक नाव पुकारतात. आपलं नाव ज्याने पुकारलं त्याच्याकडे जायचं. क्लब आधीपासून आपापल्या याद्या करतात, आणि मेलबर्नच्या एका क्लबच्या यादीत आपल्या सईचं नाव आलं आहे. तिच्या प्रशिक्षक मोरिता-सान यांनी व्हिडिओ पाठवले होते.

मंगळवारी त्या क्लबच्या ट्रेसीबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मुली हेरणं हेच त्यांचं काम. सई तेव्हा कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, चोवीस तासांच्या दुकानात, तिच्या बाइतोवर, म्हणजे अर्धवेळच्या कामावर होती, आणि बाईंना आमच्याशीच बोलायचं होतं. हरीश टाय लावून बसला. मुलगी कशी आहे विचारल्यावर त्याने अगदी जपानी रीतीला शोभेल असं उत्तर दिलं. अजून कच्चीच आहे, छंद म्हणून खेळते, मोरिता-सानांच्या कृपेने इथवर आली, शेवटी अभ्यासच महत्त्वाचा, तुम्ही उगाच तसदी घेऊ नका. मीही हसत म्हटलं की आधी तिला सकाळी आठच्या आत उठवून दाखवा. बाईंनी सगळं लिहून घेतलं. कॉल संपताना आम्ही दोघंही नीट वाकलो.

एकूण छान झालं. आपण होऊन कौतुक केलं असतं तर बरं दिसलं नसतं. शिवाय नजर लागायला वेळ लागत नाही. उत्तर लवकर पाठवा, आणि आमच्यावर माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
वृंदा

कोबे, ११ सप्टेंबर

चि. सौ. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसले. तुम्ही दोघांनी मिळून त्या पोरीच्या पायावर धोंडा घातला आहे, आणि वर टाय लावून.

आमच्या ह्यांची गोष्ट ऐक. मोत्यांच्या पेढीत नवे असताना ऑस्ट्रेलियाहून मोती विकायला एक गृहस्थ आले. ह्यांनी इथल्या रीतीप्रमाणे सांगितलं की आमची पेढी लहान, तुमच्या मालाला आम्ही काय न्याय देणार. जपानी माणसाने यावर नाही नाही म्हणत तीनदा आग्रह केला असता. त्या गृहस्थाने आभार मानले, पेटी बंद केली आणि तो समोरच्या पेढीत गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. ह्यांनी जे सांगितलं ते त्याने खरं मानलं.

तुझ्या ट्रेसीबाईंनी वहीत काय लिहिलं असेल ते मी इथे बसून सांगते. मुलगी कच्ची, छंदापुरती, उशिरा उठणारी, आईबापांची पाठवायची तयारी नाही. हरीशला म्हणावं, आजच्या आज त्यांना लिही. सईला कळायच्या आत लिहिलंस तर उत्तम. आमचे हे दुपारी तुझं पत्र वाचून मोठ्याने हसले, पण मला हसू आलं नाही.

मुलांना आशीर्वाद म्हणण्याची सोय नाही, एकच आहे, तिला दुप्पट दे. चार ओळी टाकत जा, तेवढ्यावर माझा आठवडा जातो.

तुझी,
पद्मिनीताई

उरायासु, २९ सप्टेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मोरिता-सानांना मेलबर्नहून मेल आली होती. घरच्यांची इच्छा दिसत नाही, मुलीवर ओढाताण नको, म्हणून नाव यादीतून काढत आहोत. शब्द गोड होते. मोरिता-सानांनी ती मेल सईला दाखवली आणि सईने घरी येऊन आम्हाला विचारलं की तुम्ही त्यांना काय सांगितलं.

आम्ही सांगितलं. लपवण्यासारखं काही केलंय असं आम्हाला तोवर वाटतच नव्हतं. ती रडली नाही, भांडलीही नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून तिने जाळायच्या कचऱ्याची पिशवी खाली नेऊन ठेवली आणि चेंडू घेऊन मैदानावर गेली. चार दिवस ती अशीच पहाटे बाहेर पडली. चार दिवस हरीशशी एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी त्याच्या ताटाशेजारी कोरा कागद ठेवला आणि जपानीत म्हणाली की जे बोललात ते तुम्हीच परत घ्या.

ताई, माझा नवरा ऑफिसात वीस पानांचे अहवाल लिहितो, पण हे एक पान त्याला लिहिता येईना. पहिल्या खर्ड्याची सुरुवातच माफीने, नंतर 'तशी बरी खेळते', शेवटी 'आपल्याला योग्य वाटेल ते करावं'. सईने लाल पेनाने सगळं खोडलं आणि विचारलं की माझी एक तरी मॅच तुम्ही पुरती पाहिली आहे का. दर वेळी तो मैदानाच्या कडेला लॅपटॉप उघडून बसायचा, हे मलाही तेव्हाच आठवलं.

मग रविवारी तो आराकावा नदीच्या काठच्या मैदानावर गेला, लॅपटॉप न घेता, वही घेऊन. मोरिता-सानांच्या शेजारी उभं राहून त्याने चार डाव टिपून घेतले. उंचावरचे झेल अकरा. डाव्या पायाने मारलेले सात, त्यांतले सहा अचूक. पडल्यावर उठायला लागलेला वेळ, तोसुद्धा. घरी आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. बँकेतल्या या माणसाची मैदानावर ओरडण्याची ही पहिलीच वेळ असावी.

पत्र त्याने त्याच संध्याकाळी लिहिलं. ते असं होतं: 'मी तुम्हाला माझ्या मुलीबद्दल चुकीची माहिती दिली. आमच्यात आपल्या माणसाची स्तुती आपण करत नाही, पण तुम्ही खरं विचारलं होतं आणि मी खरं सांगायला हवं होतं. ती उत्तम खेळते. सोबत आकडे आहेत. ती सकाळी साडेपाचला उठते. तुम्ही बोलावलंत तर मी स्वतः तिला विमानात बसवून देईन.' सईने एकही शब्द खोडला नाही.

परवा उत्तर आलं. ट्रेसीबाईंनी नाव पुन्हा यादीत घातलं आहे, आणि पळण्या-उडीच्या चाचण्या मागितल्या आहेत. सई बापाशी बोलू लागली आहे, पण अजून मोजकंच. तुमच्या कानउघाडणीची आम्हाला गरज होती, अशीच हक्काने करत राहा.

तुमची,
वृंदा

कोबे, ५ ऑक्टोबर

चि. हरीशला,
अनेक आशीर्वाद.

तुला वेगळं पत्र लिहिते आहे, वृंदाला दाखवलंस तरी चालेल.

सातवीत तू स्कॉलरशिपमध्ये जिल्ह्यात तिसरा आलास तेव्हा पेढे घ्यायला माणसं आली होती. त्यांच्यासमोर बाबा म्हणाले होते की ठीक आहे, पेपर सोपे होते. मी दाराशी ट्रे घेऊन उभी होते आणि तुझं तोंड पाहत होते. बाबांना किती आनंद झाला होता ते मला माहीत आहे. त्यांनी तो निकाल वर्तमानपत्रातून कापून पाकिटात ठेवला होता. पण ते तुला कधी कुणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. आज सांगते आहे, चाळीस वर्षांनी, आणि त्याची मला लाज वाटते.

तू लिहिलंस ते चांगलं केलंस. तब्येत सांभाळ, घशाला मिठाच्या गुळण्या कर, आणि मॅचला जात राहा. ताईची आठवण ठेव.

तुझी,
ताई

उरायासु, ११ डिसेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

चाचण्या उत्तम झाल्या हे मागच्या पत्रात कळवलंच होतं. आता एक आडवं आलं आहे, ते सांगते.

ड्राफ्टच्या आधी क्लबांची अदलाबदल चालते. खेळाडू देतात, खेळाडू घेतात, आणि त्यात पुकारण्याच्या पाळ्यासुद्धा देऊन टाकतात. आपल्या क्लबकडे तीन पाळ्या होत्या. तिसरी, शेवटची, सईसाठी राखली होती. काल त्यांनी पर्थच्या एका अनुभवी बचावपटूला घेतलं आणि बदल्यात शेवटच्या दोन्ही पाळ्या दिल्या. आता हातात एकच उरली आहे, पहिली, आणि ती परदेशातल्या अनोळखी मुलीसाठी कोणी वापरणार नाही. ट्रेसीबाईंनी स्वतः फोन करून हे सांगितलं. त्यांनाही सकाळीच कळलं होतं. हरीश म्हणाला की आमच्या बँकेत निदान ज्याची बदली होते त्यालाच ऑर्डर मिळते, इथे बदली तिसऱ्याचीच आणि घर आपलं हलतं.

मी सईला म्हटलं की आता नाव मागे घेतलंस तर कुणाला काही सांगावं लागणार नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पोळ्या लाटायला वळले. उरलेले सतरा क्लब आहेत, म्हणाली, आणि मी नाव दिलंय ते दिलंय. हरीश तिच्या बाजूने बोलला. एवढंच नाही, त्याने ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय. सोमवारी संध्याकाळी ड्राफ्ट पाहायला कोमिनकानमधली, म्हणजे वस्तीच्या सभागृहातली, खोली घेतली आहे. टीमच्या मुली येणार, हरीशचे बुचो-सान, त्याचे साहेब, तेही येणार. मला विचाराल तर मी एवढ्या लोकांसमोर बसायला तयार नाही. पण बटाटेवडे मीच करणार आहे.

देवापाशी दिवा लावाल का? तुमच्या शब्दाला तिथेही वजन असेल अशी माझी समजूत आहे. आम्हाला मनातून दूर करू नका.

तुमची,
वृंदा

उरायासु, १८ डिसेंबर

ती. आत्याला,
सईचा सा. न.

आई लिहिणार होती, पण मी म्हटलं मी लिहिते. माझं मराठी आईने तपासलं आहे, शेवटचा भाग सोडून. तो मी तिला दाखवणार नाही.

सोमवारी पाच वाजता सुरू झालं. पडद्यावर एकेक नाव यायचं आणि ती मुलगी तिच्या घरच्यांच्या गळ्यात पडायची. आम्ही प्रत्येकीसाठी टाळ्या वाजवल्या, मोरिता-सानांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. आपल्या क्लबने पहिल्या पाळीत अॅडलेडची एक मुलगी घेतली. ती खरंच चांगली आहे, मी तिचे व्हिडिओ पाहिले आहेत. मग मी मोजणं सोडून दिलं. साडेसहाला शेवटचं नाव झालं आणि पडदा बंद झाला. माझं नाव कुणीच पुकारलं नाही.

आई वड्यांच्या ताटल्या उचलायला लागली, अर्ध्या भरलेल्या होत्या तरी. मग बुचो-सान बाबांजवळ आले आणि खूप वाकून म्हणाले की वाईट झालं, पण एवढ्या मोठ्या ठिकाणी प्रयत्न केला हेच पुष्कळ. आत्या, यावर काय म्हणायचं असतं ते मला पाठ आहे. नाही हो, अजून कच्चीच आहे, तुम्हाला उगाच त्रास झाला. मी इथे वाढले, मी हजारदा ऐकलंय. मी खाली बघून तेच ऐकायची वाट पाहत होते.

बाबा म्हणाले की नाही, ती चांगली आहे. जपानीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू येईल असं. म्हणाले की सप्टेंबरपासूनचे तिचे सगळे खेळ मी पाहिले आहेत, माझ्याकडे लिहिलेलं आहे, त्या अठरा क्लबांनी चूक केली आहे. बुचो-सान पुन्हा वाकले, आधीपेक्षा खाली. बाबांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी शब्द परत घेतले नाहीत. मग मी रडले. सप्टेंबरचंही तेव्हाच रडून घेतलं.

ट्रेसीने रात्री मेल केली. मेलबर्नला मोठ्या लीगच्या खालची एक लीग आहे. तिथे कुणी पुकारत नाही, आपण जायचं, उभं राहायचं आणि घेतलं तर खेळायचं. मी फेब्रुवारीत जाते आहे. बाबा म्हणाले एक वर्ष दिलं होतं ते संपलं, आता दुसरं ते आपण होऊन देतात. इंजिनीअरिंगचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

हा शेवटचा भाग. आई पुण्याला सगळ्यांना सांगणार आहे की पायाला लागलं म्हणून सईने नाव मागे घेतलं. तिला वाटतं त्यात माझी लाज राखली जाते. तू तसं सांगू नकोस. सगळे तुलाच विचारतील, म्हणून तुला लिहिते. सरळ सांग की पायाला काही झालेलं नाही, सईने नाव दिलं होतं, तिला घेतलं नाही, आणि ती पुढच्या डिसेंबरात पुन्हा देणार आहे. आणि चांगली खेळते का असं कुणी विचारलं, तर हो म्हण.

तुझीच,
सई