ओठाचा उजवा कोपरा

९ जानेवारी

हवा सुटते आहे. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून. आज तालमीत वरच्या स्वरावर गेले आणि ट्रम्पेटमधून स्वराऐवजी नुसतं फुस्स! ट्रॉम्बोनवाले वळून बघायला लागले. मी माउथपीस पुसायचं नाटक केलं.

थंडीमुळे असेल.

१३ जानेवारी

थंडीमुळे नाही. घरात, दारं-खिडक्या लावून वाजवलं तरी तेच.

बाबांना ऐकू गेलंच. या माणसाला टीव्ही कानाशी लागतो, पण माझा घसरलेला स्वर भिंतीपलीकडून ऐकू येतो! म्हणाले, "रियाज कमी पडतोय तुझा." यांनीच मला शिकवलं. ओठ सुजेपर्यंत वाजवून घ्यायचे, आणि सुजला की मलमही हेच लावायचे.

पमी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "आजोबा, ती सकाळपासून तेच तर करतेय!" परीक्षा तोंडावर आली आहे आणि माझी लेक माझी वकिली करते.

१४ जानेवारी

तेच.

२२ जानेवारी

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात ठीक, हिरड्या ठीक, ताण घेऊ नका. बँडमध्ये पहिला ट्रम्पेट वाजवणाऱ्या बाईला म्हणे ताण घेऊ नका!

तालमीत उंट दोनदा कुजबुजला — "ताई, वरची ओळ मी घेऊ का?" उंट म्हणजे आमचा दुसरा ट्रम्पेट. मान लांब, आणि चालताना ती पायांच्या आधी पोचते. त्याचा डोळा माझ्या खुर्चीवर आहे. असणारच. माझा नव्हता, माझ्या आधीच्या माणसाच्या खुर्चीवर?

"गरज नाही," म्हटलं.

२ फेब्रुवारी

गोदामाच्या आगीत फायर ब्रिगेडचे तिघे गेले. छप्पर अंगावर आलं.

श्रद्धांजलीला आपला बँड. शेवटी सगळे स्तब्ध उभे असताना एकटा ट्रम्पेट. म्हणजे मी. बँडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "जमेल ना? खरं सांग." माझा आवाज चढला. "आजवर कोण वाजवत आलंय?" ट्युबावाला मान खाली घालून उगाच ट्युबातलं पाणी काढत बसला.

जमेल. जमायलाच हवं.

५ फेब्रुवारी

लिहवत नाहीये. पण लिहिते.

फायर स्टेशनचं पटांगण. तीन हेल्मेटं टेबलावर, त्यातलं एक वितळून वाकडं झालेलं. ते तसंच का ठेवलं, कोण जाणे. माणसं फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. मास्तरांनी खूण केली, मी एक पाऊल पुढे झाले.

पहिल्या चार ओळी छान गेल्या. खरंच छान! वाटलं, आलं परत. मग वर चढायची जागा आली आणि ओठाचा कोपरा सुटला. जोर लावला, आणखी सुटला. स्वर फाटला. आणि मग काहीच नाही. एवढी माणसं आणि एवढी शांतता, आणि मी गाल फुगवून उभी.

तेवढ्यात मागून तोच स्वर आला. अगदी हळू. मी सोडला तिथूनच उचललेला. उंट! जागेवरून न हलता, लांबून उत्तर यावं तसं त्याने शेवटपर्यंत नेलं. मी ट्रम्पेट ओठांना लावून उभी राहिले. दुसरं काय करणार?

लोकांना वाटलं, असंच बसवलेलं आहे. गेलेल्यांपैकी एकाची बायको मुद्दाम माझ्यापाशी आली. माझा हात धरून म्हणाली, "पलीकडून हे बोलतायत असं वाटलं हो." मी मान डोलावली.

उंटाशी बोलले नाही. घरी येऊन ट्रम्पेट पेटीत आपटला.

७ फेब्रुवारी

आज त्याला गाठलंच, वाद्यांच्या खोलीत. "कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"कोणी नाही. घरून बसवून आलो होतो."

"म्हणजे मी पडणार हे धरूनच चालला होतास!"

"हो, ताई. शेजारी बसतो मी. ऐकू येतं."

"खुर्ची हवी आहे तुला माझी."

"हवीच आहे! खोटं कशाला बोलू? पण अशी नको." आणि मग लांब मान खाली घालून — "ताई, हे रियाजाचं नाही. नसांच्या डॉक्टरला दाखवा. माझ्या गळ्याची शपथ."

एवढ्या लांब गळ्याची शपथ! मला हसू आलं. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तो आपला दाराकडे तोंड करून उभा राहिला, कोणी आत येऊ नये म्हणून.

१९ फेब्रुवारी

नसांच्या डॉक्टरांनी हनुवटीत, जिभेत सुया टोचून तपासलं. गाल फुगवायला सांगितले, बोटाने दाबले, उजवा लगेच फुसकन बसला. "नस दुबळी होतेय," म्हणाले. का, ते इतक्यात सांगता येत नाही. ओठापुरतंच राहिलं तर सुटलात. पुढे सरकलं तर तो आजार वेगळा, त्याला औषध नाही.

"बोलायला जड जातं? गिळायला?"

"छे! बोलणं तर माझं जास्तच होतं, घरात विचारा."

ते हसले नाहीत. "फरक वाटला की थांबू नका, त्याच दिवशी या."

ट्रम्पेट बंद. कायमचा, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी

खुर्ची उंटाला दिली. म्हणजे मीच मास्तरांना सांगितलं. त्यांनी मला झांजा दिल्या. झांजा! "ताल तर पक्का आहे तुझा," म्हणाले. गालांचं काम नाही, ओठांचं नाही. घेतल्या. घरी बसून काय करू?

बाबांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मग माझा ट्रम्पेट मांडीवर घेऊन खटके एकेक काढून पुसायला लागले. "मी तुला फार छळलं का गं, तेव्हा?" म्हटलं, "हो, बाबा." खरंच छळलं. आणि तरी मला दुसरं काहीच नको होतं.

२८ फेब्रुवारी

आज झांजा वाजवताना मजा आली. लिहायला लाज वाटते, पण आली! ओठापुरतं असेल तर असू दे. जगेन मी.

३ मार्च

सकाळी स्वयंपाकघरातून पमीला हाक मारली. आली नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. दारात येऊन उभी राहिली.

"आई, 'फमी, फमी' अशा कोणाला हाका मारतेयस?"