बाबांच्या गाडीचा योग्य भाव

४ मार्च
बाबांचा ऑस्ट्रियाहून फोन. म्हणाले, माझी सेडान अंगणात गंजत बसलीय, विकून टाक. योग्य भाव आला की दे, कुणाशी हुज्जत घालू नकोस. एवढी मोठी जबाबदारी त्यांनी आईवर न टाकता माझ्यावर टाकली. (फोन मी उचलला, कारण आईचे हात पिठात होते. पण मुद्दा तो नाही.)
योग्य भाव काढणं हे शास्त्र आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग दीड वर्ष केलंय. पुढे केलं नाही, कारण प्रोफेसरांना माझी किंमत कळली नाही.

५ मार्च
मोठी बातमी. गाडी शेफकियाकाकांना हवीय. बेकरीपलीकडच्या नेयराचे वडील. तिला शेजारच्या वितेझ गावात दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली, बसने हाल होतात म्हणे.
सगळ्या त्राव्निक गावात त्यांना आमचीच गाडी दिसली? मी काही दुधखुळा नाही. माणूस पारखायचा तर त्याच्याशी व्यवहार करावा. काका जावई बघायला येतायत.
संकल्प : आजपासून राग पूर्ण बंद.

७ मार्च
हिशेब झाला. इंटरनेटवर अशा जुन्या सेडान तीन-साडेतीन हजार मार्कांना आहेत, पण ते विकणारे अडाणी. इंजिन निरोगी : वाढवले. मालक एकच : वाढवले. मागच्या दाराचा पोचा पुटीने बुजवलाय : कमी केले. पण पुटी मी स्वतः भरलीय, तिची मजुरी परत वाढवली. शिवाय गेल्या बैरामच्या सणाला पावसात नेयरा पुढच्या सीटवर बसली होती, बेकरीपासून तिच्या घरापर्यंत. ती पूर्ण वेळ फोनवर होती, पण बसली होती. त्याचे वेगळे.
एकूण अठ्ठेचाळीसशे.
समोरच्या टायरवाल्या अहमोला हिशेब दाखवला. म्हणाला, एवढ्यात गाडीबरोबर पोरगीपण येते का रे? मी त्याच्याशी बोलणं कायमचं बंद केलं. संध्याकाळी सुरू केलं. सौद्याला तिसरा माणूस लागतोच.

९ मार्च
काका आले. नेयरासुद्धा. माझ्या नव्या शर्टाचं लेबल आईने सगळ्यांसमोर दातांनी तोडलं.
काकांनी खिशातून लोहचुंबक काढून गाडीभर फिरवलं. मागच्या दारावर, पुटीपाशी, ते चिकटेना, खाली पडलं. काकांनी ते उचललं, पुसलं, खिशात ठेवलं. विचारलं असतं तर माझं उत्तर तयार होतं.
मग अहमोने रीतीप्रमाणे आमचे उजवे हात एकमेकांत दिले आणि वरून धरून हलवायला लागला. आकडा जुळेपर्यंत सोडायचे नसतात. काका म्हणाले, तीन हजार. मी म्हणालो, अठ्ठेचाळीसशे. अहमो म्हणाला, गाडी विकतोयस की पूल? काका म्हणाले, बाळा, इंजिन चांगलं आहे म्हणून तीन म्हणतोय, नाहीतर दाराकडे बघ की. मी एकेक कलम समजावत गेलो. सीटपाशी आलो आणि अडलो, कारण नेयरा ऐकत होती. काकांनी विचारलं, सीटला काय झालंय? अहमो म्हणाला, काही नाही, एक पाहुणी बसून गेलीय. नेयरा हसली. फार नाही. पण हसली.
इथे माझा स्वाभिमान जागा झाला. (राग नव्हे. राग बंद आहे.) मी म्हणालो, मग तीन हजार तरी कशाला, तशीच न्या. हलाल.
अहमोचा हात थांबला.
हलाल म्हटलं की विषय संपला. मनापासून दिलं, मागून दावा नाही. रागाच्या भरात म्हटलेलं चालत नाही, असं कुणी सांगितलेलं नाही. काकांनी हात न सोडता विचारलं, काय म्हणालास वेदाद? वेळ देत होते, ते मला कळत होतं. पण नेयरा बघत होती. मी म्हणालो, हलालच म्हणालो.
त्यांनी हात सोडला. नेयरा गाडी चालवत घेऊन गेली. रिव्हर्स चांगला घेते.

त्याच दिवशी, दुपारनंतर
शांतपणे विचार केला. जे झालं ते छानच झालं. होणाऱ्या सासऱ्याकडून पैसे घेणं बरं दिसलं नसतं. आई तेव्हा कॉफी आणायला आत गेली होती, तिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतोय.

१० मार्च
आईला अहमोने सांगितलं. ती ओरडली नाही. बटाटा भरून भाजलेला पिता पुढे ठेवला आणि म्हणाली, जेव. मी अर्धा तसाच ठेवला. पिता कोरडा होता.
बाबांचा फोन. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, माझ्या मुलाने हलाल केलंय ना, मग गाडी त्यांची. मग म्हणाले, इथे वर बांधकामाच्या परांचीवर फार वारं आहे रे, बोटं चालत नाहीत, ठेवतो.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ मार्च
संकल्प : काकांना जाऊन मोकळेपणाने सांगायचं, तीन हजार द्या. निघालो. त्यांच्या दारात गाडी दिसली, धुतलेली. परत आलो. बुटात खडा होता.

१४ मार्च
काका अचानक घरी आले. मी बरण्यांच्या खोलीत होतो. जॅम आणायला. त्यांच्या आवाजानंतर गेलो, पण जॅम हवाच होता.
सगळं ऐकू आलं. काकांनी तीन हजार मेजावर ठेवले. आई म्हणाली, नको हो, पोराने हलाल केलंय. काका म्हणाले, वहिनी, हलाल पुरुषाचं घ्यावं, लेकराचं कसं घेऊ? त्याला मात्र सांगू नका. आपण दिलदारी केली असं वाटू दे बिचाऱ्याला.
आईने पैसे घेतले. मी मोठ्या बरण्यांमागे सरकलो.
तेवढ्यात बाहेर आमच्या जुन्या गाडीचा हॉर्न. थांबेचना. तो कधीकधी अडकतो, ते मी हिशेबात धरलं नव्हतं. सगळी गल्ली खिडक्यांत. शेवटी मीच मोज्यांवर पळत गेलो, बॉनेट उघडून वायर काढली. नेयराने काच खाली केली. अहमोच्या दुकानात विचारतात तसं विचारलं, किती झाले? मी हात पँटला पुसला. तिने माझ्या तळहातावर दोन मार्क ठेवले आणि काच वर केली.
दोन मार्क योग्य आहेत. मी घासाघीस केली नाही.