झरोक्याचा पुठ्ठा

३ डिसेंबर
आदर्श घरमालक व्हायचं ठरवलं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू शिक्षिकाबाईंच्या बाथरूममधला गॅस गीझर दरवर्षी तपासून घ्यायचा, असं करारात मीच लिहिलंय. दोन वर्षं राहून गेलं, पण मनात कायम असतं. सोमवारी मेकॅनिकला फोन. नक्की.

८ डिसेंबर, सोमवार
पाठ धरली. एक माणूस किती ठिकाणी पुरणार?

११ डिसेंबर
बाई म्हणाल्या, बाथरूमच्या झरोक्यातून गार वारं येतं, मुलगी आंघोळीला कुरकुरते. तासाभरात झरोका पुठ्ठ्याने बंद, वरून चिकटपट्टी. स्वतःच्या हातांनी! असा मालक शोधून सापडायचा नाही. जाता जाता गीझरही पाहिला. ज्योत निळी. म्हणजे तपासणी झालीच. मेकॅनिक रद्द.

१७ डिसेंबर
आंघोळ झाली की मुलीचं डोकं दुखतं म्हणे. अभ्यासाचा ताण, मी सांगितलं. सात वर्षांची आहे, पण हल्लीच्या शाळा! बायको म्हणते, मेकॅनिकला बोलवा. हिला सगळ्यात नाक खुपसायचं असतं. कंटाळा आलाय.

१९ डिसेंबर
ज्योत आता पिवळी दिसते, असा बाईंचा निरोप. कळवलं, रविवारी बघतो. भाडेकरूंना धीर नसतो.

२० डिसेंबर, सकाळी अकरा
मुलगी बाथरूममध्ये कोसळली. बाईंनी दार ढकलून तिला उचललं, गच्चीत आणलं. मोकळ्या हवेत डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, वाचली.

बायकोने मला न विचारता मेकॅनिकला फोन केला. तो वीस मिनिटांत आला. म्हणाला, गीझरला हवाच मिळत नव्हती, विषारी वायू आतच कोंडला, त्याला वासही नसतो. झरोका बुजवणारा शहाणा कोण, असं त्याने विचारलं. बाई खाली बघत होत्या. मी म्हणालो, चौकशी करावी लागेल.

२३ डिसेंबर
गीझर काढला. विजेचा बसेपर्यंत रोज सकाळी गरम पाण्याच्या दोन बादल्या मीच वर नेतो. कंबर बोलते. बोलू दे.

आज दार मुलीने उघडलं. म्हणाली, काका, वारं येतं असं आईने सांगितलं म्हणून हे झालं, असं म्हणत आई रडते. आईची चूक होती का?

मी नाही म्हणालो.

मग कुणाची, तिने विचारलं.

पाणी गार होतंय म्हणालो आणि खाली आलो.