लिंबाखालची थप्पी

३ एप्रिल १९५२

पडली! अख्खी थप्पी पडली. सकाळपासून फोडलेली बाभूळ रचत होतो. छातीइतकी उंच केली, पाणी प्यायला वळलो अन् मागं धडाडधूम. पाय थोडक्यात वाचला.

वखारीत सगळे हसले. मुबारकचाचा हसले नाहीत. तीस वर्सं हेच काम केलंय त्यांनी. एवढंच म्हणाले, "जानेवाला आदमी रचता ना, वैसा रचा तू."

लई लागलं. गाव पिशोर सोडून दीड वर्ष झालं, तीन कामं सोडली — जिनिंग, हॉटेल, गुलमंडीतलं कापडाचं दुकान. ही चौथी जागा. चाचांना हे कुणी सांगितलं?

४ एप्रिल

चाचांनी शेजारी बसून शिकवलं. खाली दोन लांब ओंडके, म्हणजे लाकडाला माती लागत नाही. मग दोन्ही टोकांना बुरूज — दोन लाकडं सरळ, त्यावर दोन आडवी, पुन्हा दोन सरळ. बुरूज उभे राहिले की मधली भिंत. मी आधी भिंतच रचत होतो! टोकं मोकळी. पडंल नाहीतर काय!

विचारलं, "चाचा, पक्की झाली हे कळायचं कसं?"

"पीठ लगा के सो जा. नींद आई तो पक्की."

दुपारी स्वतःच्या थप्पीला टेकून ते खरंच घोरत होते.

११ एप्रिल

अजिंठ्याहून पत्र. लग्नाला दोन वर्सं झाली, द्वारका अजून माहेरीच. पत्र तिच्या भावाच्या हातचं, बोलणं तिचं — "तुमचं अंथरूण आज इथं, उद्या तिथं. एक पावसाळा एका जागी काढा, मग मी पेटी उचलते."

राग आला. पत्र चुरगाळलं. मग पुन्हा सरळ केलं. खोटं काय बोलली?

१२ एप्रिल

मालक नानासाहेबांकडून नव्या थप्पीसाठी लिंबाखालची जागा मागून घेतली. मालक म्हणाले, "दसऱ्यापर्यंत उभी राहायला पाहिजे तिथं. मध्ये पडली तर तू पिशोरची वाट धर."

बरं. दोघांचं एकच ठरलं — तिचं अन् थप्पीचं.

२० एप्रिल

दोन्ही बुरूज झाले. हात सोलपटले.

२ मे

झाली! डोक्याइतकी. सगळ्यात वरचा थर साल आभाळाकडं करून लावला, पाणी निथळून जावं म्हणून. चाचांनी कोळशानं तारीख घातली, उर्दूत. मी खाली नाव घातलं, आपल्या अक्षरात. शाळेत अलिफ-बे गिरवलं, पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेल्यावर ही अक्षरं कशीबशी शिकलो. हात अजून उजवीकडनं सुरू होतो. 'सांडू'चं 'डूसां' होता होता राहिलं!

चाचा म्हणाले, "पीठ लगा के देख." नको म्हटलं. अजून धीर नाही.

द्वारकाला पत्र टाकलं. वखारीत लिंबाखालची थप्पी माझी आहे, असं मुद्दाम लिहिलं.

१९ जून

वखारीचा गाडीवान गयास मनमाडला चाललाय, रेल्वेच्या कामावर. "लाकडं रच रच रचून म्हातारा होशील रे! चल माझ्यासंग." हसून सोडून दिलं. पण पाय वळवळतात. रस्ता दिसला की वळवळतात.

८ जुलै

पाच दिवस झड. घोंगडी वाळत नाही. कंटाळा कंटाळा. गयास उद्या निघतोय. मी पण. गाठोडं बांधलं. द्वारकाला काय लिहायचं ते तिथं गेल्यावर बघू.

९ जुलै

गाठोडं काखेत मारून निघालो. जाता जाता एकदा लिंबाखाली बघितलं — थप्पी मधोमध फुगलेली!

चाचा छत्री धरून उभेच होते. "क्या रे सांडू, तेरी थप्पी को पेट आ गया! मुबारक हो!"

जमीन भिजून खालचा एक ओंडका खचला होता. गयास रस्त्यावरनं ओरडला, "येतो का नाही?" म्हटलं, "जरा थांब." अर्धी थप्पी उतरवली. ओंडक्याखाली सपाट दगड सारला. डावा बुरूज नव्यानं चढवला, थोडा आत कलता. पाऊस चालूच. चाचांनी छत्री माझ्यावर नाही, लाकडावर धरली!

मान वर केली तेव्हा दिवे लागले होते. गयास कधीच गेलेला. मला तर आठवलंच नाही!

गाठोडं भिजून चिंब.

२८ ऑगस्ट

उभी आहे.

२४ सप्टेंबर

नानासाहेबांनी थप्पीतली दोन लाकडं काढून एकमेकांवर आपटली. खणखण वाजली. "वाळली की रे! पुढच्या सालची पण तूच रच." एवढंच बोलून गेले. मी उगाच अंगणभर फिरलो.

पावसाळा सरला. इथंच काढला, हे मीच तिला कळवलं, त्याला पंधरा दिवस झाले. अजिंठ्याहून उत्तर नाही.

माझ्याच थप्पीला टेकून बघावं म्हटलं. पाठ नेली अन् परत घेतली. ती पडली तर?

२७ सप्टेंबर

दुपारी जळतण पोचवून वखारीत आलो. चाचा दारातच आडवे आले, ओठावर बोट. "आवाज नक्को."

लिंबाखाली, माझ्या थप्पीला पाठ लावून, द्वारका गाढ झोपलेली. शेजारी पेटी.