खिंडीवरचं आभाळ

प्रिय ताई,

तुझा पत्ता मामीनं दिला. दादाला कळलं तर माझी खरडपट्टी निघेल, म्हणून हे पाकीट पोस्टात पडेपर्यंत माझ्या जिवात जीव नाही. मामा गेल्यापासून घरी माणसांची रीघ आहे. जो तो मामांच्या कॅमेऱ्याला, आजाऱ्याचा ताप बघावा तसा, हात लावून जातो.

मी अजून डार्करूममध्येच असतो. माझी शाळा कायमची सुटली तेव्हा मामा म्हणाले होते, "उजेडात नाही चाललास, अंधारात चालशील." सगळे हसले. तू मात्र रोज पानभर शुद्धलेखन लिहून घ्यायचीस. आताही तू मागे उभी आहेस असंच वाटतंय.

बातमी अशी की एक मोठं संग्रहालय मामांचं सगळं काम घेतंय. गुरुवारी त्यांच्या तज्ज्ञ बाई येणार. त्यांना मामांचा तो गाजलेला फोटो, 'खिंड', हवा आहे, पण भिंतीवरचा नाही. मूळ काचेच्या निगेटिव्हवरून, त्यांच्या डोळ्यांदेखत छापलेला. ज्या ढगासाठी हा माणूस डोंगरावर तंबू ठोकून बसला, तो ढग म्हणे त्यांना कागदावर उमटताना बघायचा आहे.  पण त्या काचेवर ढग नाहीच. आभाळ कोरं आहे. मामा आधी डोंगर छापायचे, मग डोंगरावर पुठ्ठा धरून दुसऱ्या काचेवरून ढग. पुठ्ठा जरासा हलवत राहायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. अलीकडे तो मीच धरायचो. भाषणात मामा म्हणायचे, "आभाळ मिळेल तसं घ्यावं," आणि मी मागच्या रांगेत टाळ्या वाजवायचो.

ती दुसरी काच कुठली, हे तुला कुणी सांगितलंच नाही. "माझ्या काचा भंगारात घातल्या" म्हणून ओरडत तू घर सोडलंस ना? घातल्या नव्हत्या गं. लहानपणी तू गच्चीवरून टिपलेले सगळे ढग मामांनी, तुझ्या बाबांनी, खोक्यात कापूस घालून ठेवलेत. खिंडीवरचं आभाळ तुझं आहे.

मी दादाला सांगितलं. वाटलं, मोठा आहे, मार्ग काढेल. काढला. "दोन्ही काचा फोड. बाईंना सांग, पुसताना हातून सुटल्या. धांदरट म्हणून तुला सगळे ओळखतातच. चार शिव्या खा, बाबांचं नाव तरी राहील." ताई, माझ्या हातून आजवर एक काच तडकलेली नाही. पण मी "बरं" म्हणालो. मामी दारात सगळं ऐकत होती. दादा गेल्यावर तिनं तुझ्या पत्त्याचा कागद माझ्या मुठीत कोंबला. तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं तरी मी खोक्यावर हात ठेवतो, आणि हाताला इतका घाम येतो की खरंच सुटेल असं वाटतं.

म्हणून लिहितोय. धीर धर असं उलट टपाली कळवू नकोस. पत्रातला धीर मला पुरत नाही. दादा समोर उभा राहिला की मी फोडेन, मी मला ओळखतो. बुधवारी ये. तुझी काच तू मागितलीस तर मला द्यावीच लागेल, दादालाही काही बोलता येणार नाही. मामांचं नाव ठेवायचं की घालवायचं, ते तू आणि तो काय ते ठरवा, भांडा. फक्त फोडायला मला लावू नका.

तुझाच भेदरलेला,
धाकटा