गाढव कोण, याचा खुलासा

प्रति,
मा. अधीक्षक,
मोठे रुग्णालय, मुख्य इमारत, पहिला मजला.

(हा अर्ज मुकादमांमार्फत पाठवलेला नाही. कारण परिच्छेद ७ मध्ये आहे.)

विषय: धुलाईघरातील डब्याच्या सुट्टीतला गोष्टींचा वर्ग बंद न करणेबाबत, तसेच गाढवाबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, दिनांक ६. नोटिशीसोबत दाखवलेला पुरावा ‘अ’, एक पान, सह्या चार, शिक्के तीन.

महोदय,

१. मी अर्जदार धुलाईघरात इस्त्रीच्या तीन नंबरच्या टेबलाशी एकोणीस वर्षे उभी आहे. ‘उभी’ हा शब्द विचार करून लिहिला आहे, तिथे बसायला काही नाही. आपल्या नोटिशीत असे म्हटले आहे की, मी सहकारी महिलांना लिहा-वाचायला शिकवण्याच्या नावाखाली प्राण्यांच्या गोष्टी वापरते, त्यातून वरिष्ठांची टिंगल होते, आणि विशेषतः सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव म्हणजे आमचे मुकादम असा समज पसरवला जातो. सबब वर्ग बंद का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत मागवला आहे. आज सहावा दिवस आहे. तोवर वर्ग थांबवण्याचा हुकूम आहे, तो आम्ही पाळत आहोत.

२. नोटीस मुकादमांच्याच हातून आली. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. ते म्हणाले, “तीन नंबर, काय लिहिलंय बघ. मोठ्यानं वाच.” त्यामुळे माझ्यावरचा आरोप मीच त्यांना खड्या आवाजात वाचून दाखवला. “वरिष्ठांची टिंगल” इथे आल्यावर ते म्हणाले, “हां, हे बरोबर पकडलंय.” संपल्यावर म्हणाले, “आता कसं?” मी विचारले, “सही कुठे करू?” त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “कर कुठंही.” हे केवळ नोंदीसाठी.

३. वर्ग हौसेने सुरू झालेला नाही. वॉर्डातून मळक्या चादरींची बोचकी येतात, त्यांना चिठ्ठी बांधलेली असते. दोन वर्षांपूर्वी एका बोचक्यावर ‘आत सुई असण्याची शक्यता’ अशी चिठ्ठी होती. अक्षर सुवाच्य होते, चिठ्ठीची काही चूक नव्हती. भिजवणीवरच्या आमच्या एका बाईने त्याच बोचक्यात हात घातला. पुढचे सहा महिने ती रक्त तपासून घेत होती आणि आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती सुखरूप आहे. पण त्या दिवशी मी ठरवले की या खोलीत चिठ्ठी न वाचता हात घालणारी एकही राहू द्यायची नाही. आता आम्ही सातजणी आहोत. रोज अर्धा तास, चादरींच्या खोलीत, एका हाताने डबा, एका हाताने पाटी.

४. गोष्टी प्राण्यांच्याच का, असे नोटिशीत विचारले आहे. कारण आमच्याकडे त्याच आहेत. चादरींच्या खोलीतल्या फळ्यांवर पूर्वी कुणीतरी मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकाची पाने अंथरली. मी स्वतः अक्षरे त्यांवरच शिकले, चादरी रचता रचता. ससा-कासव दुसऱ्या फळीवर, कावळा-कोल्हा तिसरीवर. सिंह सर्वात वर होता, त्याच्यासाठी शिडी लागायची. मात्र फळी अरुंद असल्याने अंथरणाऱ्याने प्रत्येक पान खालून कातरले होते, त्यामुळे तळाशी छापलेले तात्पर्य सगळीकडून गेले. गोष्ट आहे, तात्पर्य नाही. ते आम्ही आपापले लिहितो, हाच आमचा लेखनाचा तास. नमुन्यादाखल:

कावळा आणि कोल्हा. तात्पर्य: वरच्याने अचानक गळ्याची स्तुती केली तर आधी घास गिळावा, मग गावे.

ससा आणि कासव. तात्पर्य: कासव जिंकले ते ठीक, पण दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी त्याच्याकडून रोजच पळायची अपेक्षा ठेवली असणार.

यात टिंगल कुठे आहे, हे मी तीनदा वाचून शोधले. चौथ्यांदा थोडी सापडली, म्हणून वाचायची थांबले.

५. आता मूळ प्रसंग. दिनांक २ रोजी खळीच्या मावशी (चादरी-कोटांना खळ त्या करतात, वय सत्तावन्न) आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी गोष्ट न थांबता मोठ्याने वाचत होत्या. “गाढवाने सिंहाचे कातडे पांघरले आणि ते ऐटीत गावात शिरले,” या वाक्याला दार उघडले आणि मुकादम नवा तपकिरी कोट घालून आत आले. महोदय, कोट त्या दिवशीच मिळालेला होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. सातजणींपैकी सहाजणी हसल्या. सातवीच्या तोंडात घास होता, तिचे हाल मी इथे लिहीत नाही. मुकादमांनी रागाने दारावरचा कागद फाडून घेतला, “आता बघतोच एकेकीला” असे म्हणाले आणि तडक आपल्या कार्यालयाकडे गेले. तोच कागद पुरावा ‘अ’.

६. हसण्याचा दोष गोष्टीचा की दाराचा, हे तपासण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी, म्हणजे नोटिशीच्या आधीच, प्राणी बंद केले. भाजी आणली. एक भोपळा आणि एक गाजर यांची शर्यत लावली. मुकादम दाराआडून ऐकत होते. आत येऊन म्हणाले, “भोपळा म्हणजे मीच ना?” त्याच्या पुढच्या दिवशी भाजीही बंद केली, बादली आणि पाण्याच्या नळाची साधी गोष्ट रचली, त्यात कुणी कुणाला फसवत नव्हते, दोघे नुसते शेजारी राहत होते. मुकादम म्हणाले, “बादलीला पोट दिलंस ते कळलं मला.” बादलीला पोट असते, महोदय. यावरून अर्जदाराचा नम्र निष्कर्ष असा की, ज्याला गोष्टीत शिरायचेच आहे त्याला कुठल्याही गोष्टीत जागा सापडते. त्यासाठी गोष्ट बंद करणे म्हणजे माशी बसली म्हणून नाक कापणे होय.

७. आता पुरावा ‘अ’. इथपर्यंत कच्च्या कागदावर लिहून मी चार दिवस थांबले, कारण पुढचे लिहावे की नाही हे ठरत नव्हते. आपल्या कार्यालयाने नोटिशीसोबत दाखवायला पाठवून परत फायलीत नेलेला, क्रमांक घातलेला, चारजणांनी सही केलेला आणि समासात लाल शाईने ‘गंभीर’ असा शेरा मारलेला तो कागद मी वाचला. त्यावर गाढवाचे नाव नाही. त्यावर पुढील मजकूर आहे: “कोटांसाठी बादलीभर पाण्यास दोन वाट्या पूड. अभ्र्यांसाठी अर्धी वाटी. सतत ढवळावे. गुठळ्या झाल्यास गाळून घ्याव्यात.” हा खळीचा कागद आहे. अक्षर माझे आहे. ‘गंभीर’ हा शेरा गुठळ्यांच्या शेजारी आहे आणि तेवढ्यापुरता मला मान्यही आहे.

तो कागद दारावर नसल्याने गेले दहा दिवस खळ अंदाजाने होते आहे. पूर्वी मावशी अंदाजानेच उत्तम खळ करत. वाचता यायला लागल्यापासून त्यांचा अंदाज गेला, कागदावर विश्वास बसला, आणि बसला तोच कागद गेला. दुसरा लिहून देते म्हटले तर म्हणतात, “तोच आण. त्यातलं अक्षर अन् अक्षर मला ओळखतं.” आपल्या कोटाची कॉलर आठवडाभर कानाला लागत असेल, तर तिचे कारण आपल्याच फायलीत आहे.

माझा खुलासा वास्तविक इथेच संपायला हवा. पुराव्यात गुन्हा नाही, सबब वर्ग निर्दोष. पण मग कुणीतरी विचारेल की, मुकादमांनी फाडताना, देताना, कागद वाचला कसा नाही? आणि मुकादमपदाला वाचता येण्याची अट आहे, हे आपण जाणता. म्हणून अर्ज त्यांच्यामार्फत पाठवला नाही. पाठवला असता तर चष्मा घरी राहिला असता आणि हाही मलाच त्यांना वाचून दाखवावा लागला असता.

८. त्यांचा चष्मा एकोणीस वर्षे घरी राहतो. मला हे केव्हाच ओळखता यायला हवे होते, कारण मी स्वतः पहिली सहा वर्षे तेच केले. माझा चष्मा नव्हता, माझे हात ओले होते. कुणीही कागद पुढे केला की मी म्हणायची, “हात ओले आहेत हो, तुम्हीच वाचा.” धुलाईघरात हे कुणाला खोटे वाटत नाही. पगाराच्या दिवशी मी आधी नळाखाली हात धरून मग रांगेत उभी राहायची. त्यामुळे ‘नंतर बघतो’, ‘ठेव तिथं’, ‘कर कुठंही’ ही सगळी वाक्ये मला तोंडपाठ असायला हवी होती. पण अक्षरे आली की माणूस आधीचे ओले हात विसरतो, ही माझी चूक, ती कबूल आहे.

त्या दिवशी गाढवाच्या गोष्टीचे तात्पर्य सहाजणींनी लिहिले, फक्त माझी पाटी कोरी होती. ते आज लिहिते: हसण्याआधी विचारावे, गार लागत होते का.

९. सबब नम्र विनंती की,

(क) वर्ग पुन्हा चालू करण्याची परवानगी द्यावी. खळीच्या मावशी पुढच्या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. त्या लांडगा आणि कोकराच्या गोष्टीत, ओढ्यापाशी अडकून पडल्या आहेत. रोज विचारतात, “त्या कोकराचं पुढं झालं काय गं?” मी सांगत नाही. त्यांनी स्वतः वाचायचे आहे. निकाल काही बरा नाही, पण तो त्यांना त्यांच्या डोळ्यांनी कळावा.

(ख) पुरावा ‘अ’ फायलीतून काढून धुलाईघराच्या दारावर परत लावू द्यावा. सह्या-शिक्के तसेच असू द्यावेत, खळीला वजन येईल. मुकादमांनी वाचला नाही असे कागदोपत्री आले, तर खालच्या चार सह्यांनीही वाचला नाही असे येईल. तेव्हा हा विषय कुणीच उकरू नये, यात सगळ्यांची अब्रू आहे.

(ग) वर्गात टिंगल होते की नाही यावर देखरेख ठेवण्यासाठी मुकादमांनी रोज पूर्ण अर्धा तास, कामाच्या वेळेत धरून, चादरींच्या खोलीत हजर राहावे असा हुकूम काढावा. हुकूम तोंडी द्यावा. “शिकायला या” म्हटले तर ते येणार नाहीत, त्या काळी मीही आले नसते. लक्ष ठेवायला मात्र नक्की येतील. त्यांचे स्टूल मी दुसऱ्या फळीसमोर ठेवले आहे, तिथून ससा-कासव सरळ दिसते. त्यांच्याकडे कुणी बघणार नाही, ही जबाबदारी माझी. सहाजणींना मी अजून काही सांगितलेले नाही. मुकादमांच्या कोटाच्या बाह्या मात्र सहाजणींनी आपणहून दुमडून शिवून ठेवल्या आहेत.

(घ) परिच्छेद ७ आणि ८ वाचून झाल्यावर विसरावेत. न वाचता सही करण्याची सवय कार्यालयाला आहेच, त्यामुळे वाचून विसरणे जड जाऊ नये.

कळावे. उद्या डब्याची सुट्टी साडेबाराला आहे.

आपली, इस्त्री चालू ठेवून लिहिणारी,
टेबल क्रमांक तीन, धुलाईघर
(सही केली आहे, हात कोरडे आहेत)
दिनांक १२

सोबत:
१. कातरलेल्या पानांची यादी, फळीनुसार.
२. तात्पर्ये, सहाजणींची, त्यांच्याच अक्षरात. शुद्धलेखन तपासलेले नाही, ते त्यांना आवडत नाही.
३. भोपळ्याची गोष्ट, पूर्ण. आपणच ठरवावे.
४. आपला पांढरा कोट, नव्याने धुऊन, खळ मोजून.
५. पाटी एक, पेन्सिल एक. आपल्या टेबलावर ठेवून द्यावी. मुकादम हुकूम ऐकायला आले की “ही खाली धुलाईघरात पोचवा” एवढेच सांगावे. वर नाव घातलेले नाही. ज्याचे त्याने घालावे.